आधी आतलं कापायचं

बस, लेयना. स्टूल जरा खाली घे,
कोपर टेबलाच्या पातळीला आलं पाहिजे.
दोन तास वाकून बसलीस
तर मान उद्या तुझी राहणार नाही,
डॉक्टरची होईल.

पातं लावताना दात खाली, तोंड तुझ्याकडे.
उलटं लागलं की लाकूड उड्या मारतं.
माझं पहिलं वर्षभर मारत होतं,
आणि मी यंत्राला शिव्या घालायचो सोर्बी भाषेत,
जर्मन यंत्राला समजू नयेत म्हणून.

आता बोटानं छेड.
भद्द वाजतंय. आवळ.
अजून.
टिण्ण. हा आवाज लक्षात ठेव.
चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी कुबाशबाई याला कुठलासा सूर म्हणते.
मला सुरातलं कळत नाही,
पातं तुटायच्या आधी काय बोलतं तेवढं कळतं.
एका संध्याकाळी सहा तुटली तरी हळहळू नकोस,
खडूसारखी असतात ती, झिजायलाच आणलेली.

फळी लिंडनची आहे. मऊ, मुकाट.
चेरीला इतक्यात हात लावू नकोस,
वळणावर जरा रेंगाळलीस की काळी पडते.
वरून चिकटपट्टी लावली तर कमी जळते म्हणतात,
का ते विचारू नकोस. मी लावतो.

नकाशा वर डकवलाय.
हा रस्ता, हे बदकांचं तळं, ही सत्तावीस घरं.
हो, यासेनोवच.
तुझी आई नऊ वर्षांची होती ना निघाली तेव्हा?

ऐक. आधी आतलं कापायचं.
खिडक्या, दारं, अंगणं;
भोक पाडायचं, पातं ओवायचं, पुन्हा आवळायचं,
दर खिडकीला पुन्हा तेच. कंटाळवाणं आहे, कर.
बाहेरची कड सगळ्यांत शेवटी.
कड आधी सुटली तर धरायला काही राहत नाही,
फळी थरथरते आणि कुंपणं पहिली मोडतात.

खाणीत आम्ही कडेपासून आत जायचो.

चौदा वर्षं मी त्या खोदयंत्रावर होतो.
चाकाला अठरा बादल्या,
एकेका बादलीत आपली ही गाडी बसली असती.
तिथं वळण घ्यायचं तर अख्खी पाळी जायची.
यासेनोवला सहा आठवडे लागले.
मी वर केबिनमध्ये, खाली फक्त वाळू आणि कोळसा,
घरं आधीच पाडून नेलेली.
हे मी हिल्झाला कितीदा तरी सांगितलंय.
ती म्हणते, झोपेत सांगतोस.

ढकलू नकोस!
पात्याला त्याच्या भुकेनं खाऊ दे.
तू फक्त फळी फिरव, स्टिअरिंग नव्हे,
पाळण्यातलं पोर कुशीवर वळवतात तशी.
रेघ सुटली तर हिसका देऊन परत येऊ नकोस,
हळूहळू ये. भिंत थोडी वाकडी होईल,
तिथल्या भिंती तशाही वाकड्याच होत्या.

मास्क वर घे. लिंडनचा भुसा गोडसर वास येतो म्हणून
सोसेल असं वाटतं. छातीत जातो तो, कोळशासारखाच.

आणि एक, हे कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही:
कितीही बारीक पातं घे,
स्वतःच्या जाडीएवढं लाकूड ते खातंच.
सत्तावीस घरं परत जागेवर बसवशील,
बसतील, पण खुळखुळतील.
बोटानं हलवलंस तर ऐकू येईल.
मी म्हणून शून्य नंबरचं वापरतो, केसाएवढं,
आणि तरी.

काय म्हणालीस?
विहीर तळ्याच्या या बाजूला? आई म्हणते?
नकाशात तर पलीकडे आहे.
नकाशा खाणीच्या ऑफिसातला,
मीच काढून आणला होता.

थांब. पेन्सिल कुठं गेली.
इथं? बेकरीच्या जवळ? अजून डावीकडे?

बरं. तुझ्या हातानं पाड भोक, ड्रिल सरळ धर.
खाली जुन्या फळीचा तुकडा ठेव आधी,
नाहीतर पलीकडून बाहेर पडताना
लाकूड फाटतं.